वसईच्या मोहिमेंतील दुसरें नांव : शंकराजी केशव फडके

वसईच्या किल्ल्यावर खुष्कीनें चालून जावयाचें तर उत्तरेखेरीज दुसरी सोयीची दिशा नाहीं. पश्चिमेस समुद्र आहे, दक्षिणेस खाडी आहे, पूर्वेस खाजणें व मिठागरें आहेत. उरते ती पापडी आणि रमेदी यांच्या टापूंतून किल्ल्याकडे उतरणारी बागाइती जमीन. रमेदी हें नांव रेमेदियोस या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश होय; आणि ज्या दोन बुरुजांखालीं इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत मराठ्यांचे सुरुंग उडाले, त्यांपैकीं एकाचें नांवहि रेमेदियोसच होतें. दुसरा बुरूज सान सेबास्तियांवचा. म्हणजे ज्या बाजूनें वसई पडली ती ही पापडीची बाजू. हा मुलूख पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे, इ. स. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत आहे.

पापडीच्या कोणाहि माणसास वसई कोणीं घेतली असें विचारलें तर चिमाजीआप्पांनीं, हें उत्तर मिळतें. आणि तें बरोबर आहे. किल्ल्यांत आप्पांचा पुतळा उभा आहे. प्रस्तुत लेखांत त्या उत्तरास आम्ही हात लावीत नाहीं. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आप्पांच्या नांवाशेजारीं दुसरें एकच नांव लिहावयाचें झाल्यास तें कोणाचें लिहावें? आमच्या मतें तें शंकराजी केशव फडके यांचें. हें मत सर्वमान्य नाहीं, व त्याविरुद्ध सांगण्यासारखें पुष्कळ आहे, हें जाणूनच पुढील विवेचन केलें आहे.

प्रथम ‘जोडीचें नांव’ म्हणजे काय हें स्पष्ट करणें अवश्य आहे. मराठी राज्यांत मुख्याच्या पाठीमागें त्याचा शिक्का चालविणारा तो मुतालिक. इ. स. १७२० त बाळाजी विश्वनाथ वारल्यावर बाजीरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, तेव्हां पुरंदरे घराण्याकडे जी कामगिरी राहिली ती या जातीची. परंतु मुतालिकी हें कायमचें पद असून त्यांत विश्वास हा मुख्य गुण. आम्हांस अभिप्रेत असलेली जोडी निराळी. ती एका विशिष्ट कार्यापुरती जुळते, आणि मुख्याच्या अंगीं किंवा हातीं जें नाहीं तें पुरविण्यासाठींच जुळते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्षपदाच्या उमेदवाराबरोबर उपाध्यक्षपदाचा उमेदवार उभा करण्याची जी चाल आहे, तिच्यांत हें तत्त्व उघड दिसतें. इ. स. १९६० त मॅसॅच्युसेट्सचे तरुण केनेडी यांनीं टेक्सासचे मुरलेले जॉन्सन यांस बरोबर घेतलें तें स्नेहाखातर नव्हे; दक्षिणेकडील प्रांतांत आपणांस जें बळ नाहीं तें त्यांच्याकडे आहे म्हणून. अशा जोडींत दुसऱ्या माणसाची पारख करतांना तो पहिल्यासारखा आहे काय हें पाहावयाचें नसतें. पहिल्याच्या जागीं जें रितें होतें तें त्यानें भरलें काय, एवढेंच पाहावयाचें असतें.

तेव्हां आप्पांच्या बाजूला रितें काय होतें? शौर्य नव्हे, धोरण नव्हे, थोरल्या बंधूंचा पाठिंबाहि नव्हे. उणीव होती ती हजर राहण्याची. इ. स. १७३७ च्या वसंतांत ठाण्याचा अर्धवट बांधलेला कोट हस्तगत झाला व साष्टी मोकळी झाली, त्या वेळीं आप्पा कोंकणांत होते. पण पुढें पावसाळा आला. त्यानंतर बाजीराव निजामावर भोपाळकडे गेले व नासिरजंगास दक्षिणेंतून बापाच्या कुमकेस जाऊं न देण्याचें काम आप्पांवर पडलें. त्यासाठीं त्यांस खानदेशांत तापीच्या बाजूस राहावें लागलें. भोपाळचा तह इ. स. १७३८ च्या जानेवारींत झाला. शिंदे-होळकरांच्या फौजांसह वसईवर निकराचा जोर करण्यास इ. स. १७३८ ची अखेर उजाडली. या मधल्या सुमारें दीड वर्षाचा बहुतेक काळ आप्पा या किनाऱ्यावर नव्हते; पण मोहीम चालूच होती. ती कोणाच्या हातीं होती? शंकराजीपंतांच्या.

येथें आक्षेपकाचा पहिला घाव बसतो, व तो हलका नाहीं. त्या दीड वर्षांत पंतांनीं मिळविलें काय? इ. स. १७३७ त किल्ल्यास शिड्या लावून केलेले हल्ले फसले. माणसें पडलीं व तट तसाच राहिला. केळवें-माहीमवरचा पहिला प्रयत्नहि निष्फळ झाला. मग ज्याच्या हातून वसई पडली नाहीं त्याचें नांव वसई घेणाराच्या शेजारीं कसें लिहावें?

याचें उत्तर वसईच्या रचनेंत आहे. पोर्तुगीजांचें बळ जमिनीवर नव्हतें, पाण्यावर होतें. गोव्याहून गलबतें येत तोंवर किल्ल्यास उपास पडण्याचा संभव नव्हता. केवळ खुष्कीचा वेढा म्हणजे तीन भिंतींच्या खोलीला कुलूप घालण्यासारखें. तेव्हां वसईचें पाणी तोडावयाचें तर उत्तरेस तारापूर-माहीमपर्यंतचीं व दक्षिणेस वेसावें-धारावीपर्यंतचीं सारीं ठाणीं एकामागून एक उचलावीं लागणार, आणि तीं उचलीपर्यंत मिळविलेला मुलूख धरून ठेवावा लागणार. यांतील पहिलें काम फौजेचें. तें शेवटीं आप्पांच्या नजरेखालीं इ. स. १७३९ च्या आरंभीं झालें. दुसरें, म्हणजे धरून ठेवण्याचें काम, फौजेचें नव्हे. देशावरच्या घोडेस्वारांस पावसाळा लागला कीं छावणीस परतण्याची संवय. कोंकणच्या पावसांत दारू कोरडी ठेवणें, शिबंदीचा रोजमुरा वेळेवर पोंचविणें, तांदूळ व होड्या मिळविणें, आणि कालपर्यंत फिरंग्यांना वसूल देणारी रयत दुसऱ्या बाजूस वळवून गांवांत बसती ठेवणें, हें सारें मामलतदाराचें काम आहे. दोन पावसाळे मराठ्यांचीं ठाणीं त्या मुलखांत टिकलीं. एखाद्या पावसाळ्यांत तीं उठून गेलीं असतीं, तर इ. स. १७३९ ची मोहीम इ. स. १७३७ च्या आरंभापासून पुन्हां सुरू करावी लागली असती. शिड्यांच्या हल्ल्यांत पंत हरले हें आम्ही नाकारीत नाहीं. तो त्यांचा प्रांतच नव्हता असें आमचें म्हणणें आहे.

या म्हणण्यास पुरावा काय असें संग्राहक विचारतील. पहिला पुरावा दगडाचा आहे. वसईच्या उत्तरेस वैतरणेच्या मुखाशीं अर्नाळ्याचें बेट आहे. तें इ. स. १७३७ तच मराठ्यांनीं घेतलें व तेथें जंजिरा बांधला. त्याच्या दरवाज्यावरील देवनागरी शिलालेख पुष्कळांनीं पाहिला असेल. तो पद्यांत आहे. त्याचा आशय असा कीं, बाजीरावांनीं शंकराला आज्ञा केली, कीं पाश्चात्यांना मारून समुद्राच्या उदरांत त्वरेनें जंजिरा बांध. हा शंकर म्हणजे शंकराजी केशव. बेट हातीं येतांच वसईला उत्तरेकडून होणाऱ्या कुमकेची वाट अडली. मोहिमेच्या पहिल्याच वर्षीं, किल्ला अजून शत्रूच्या हातीं असतां, समुद्रांत नवा कोट उभारण्याची मुखत्यारी ज्या गृहस्थाला मिळाली, त्याच्या हातीं नुसती तलवार नव्हती. पाथरवट, चुना, होड्या व खजिना हींहि होतीं.

परंतु या शिलालेखाचा अर्थ जपून करावयास पाहिजे. त्यांत जोडी दिसते ती बाजीराव व शंकर यांची. चिमाजीआप्पांचें नांव मधून गळलेलें आहे. यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, अर्नाळ्याशीं आप्पांचा संबंधच नव्हता. तें चूक होय. शिलालेखांत राज्यकर्त्याचें नांव घालावयाचें व ज्यानें काम केलें त्याचें घालावयाचें, ही रूढ चाल. मधल्याला तेथें जागा नसते. जो न्याय शिलालेखांत आप्पांस मिळाला नाहीं तोच लोकांच्या स्मरणांत पंतांस मिळाला नाहीं, इतकेंच फार तर म्हणतां येईल.

दुसरा पुरावा कागदांचा. रियासतकार सरदेसाई यांनीं इ. स. १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे जे ४५ खंड छापविले त्यांपैकीं १६ वा खंड वसईच्या मोहिमेचा आहे. त्यांत शंकराजीपंतांचीं विज्ञापनापत्रें आहेत. तीं वाचणारास एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. पुण्याच्या दप्तरांत जें राहिलें तें पुण्यास *आलेलें* पत्र. पुण्याहून जें गेलें तें पंतांच्या कचेरींत, म्हणजे या वसईच्या बाजूस राहावयाचें. म्हणून छापील संग्रहांत आपण एका संवादाची एकच बाजू ऐकतों. नोकर अडचणी सांगतो, माणसें मागतो, पैका मागतो, कोणता हल्ला कां फसला याचें कारण देतो. धनी काय म्हणाला तें ऐकूं येत नाहीं. अशा एकतर्फी कागदांवरून पंत नेहमीं रडतच असत असा ग्रह होणें सोपें आहे. आमच्या एका स्नेह्यांचा तो ग्रह अद्याप कायम आहे. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, कोणत्याहि मामलतदाराचीं केवळ वरिष्ठांस गेलेलीं पत्रें वाचल्यास तो रडतांनाच दिसेल.

तारखांचीहि अशीच एक खोंच आहे. त्या काळच्या पत्रांवर चंद्र व महिना असतो, पण पुष्कळ वेळां साल नसतें. मोहिमेचीं सालें दोन : समान सलासीन मया व अलफ, म्हणजे इ. स. १७३७-३८; आणि तिसा सलासीन मया व अलफ, म्हणजे इ. स. १७३८-३९. हें साल मृगापासून बदलतें. त्यामुळें पावसाळ्याच्या तोंडाशीं लिहिलेलें बिनसालाचें पत्र सहजच एक वर्ष मागें किंवा पुढें सरकतें. आणि पहिल्या पावसाळ्यांतील अपयश दुसऱ्याच्या खात्यांत जमा होतें. शिवाय पोर्तुगीज नवी गणना वापरीत, मुंबईचे इंग्रज इ. स. १७५२ पर्यंत जुनी. दोहोंत ११ दिवसांचें अंतर. म्हणून वसईच्या तहाची तारीख कोठें ५ मे तर कोठें १६ मे, आणि किल्ला खालीं झाल्याची कोठें १२ मे तर कोठें २३ मे आढळते. या दोन निरनिराळ्या घटना नव्हत, पंचांगें निराळीं. जर्सन द कुन्हा यांच्या इ. स. १८७६ च्या ग्रंथापासून आजपर्यंतच्या लेखनांत हा घोटाळा डोकावत असतो, व वाचकानें प्रत्येक वेळीं कोणती गणना आहे हें पाहूनच पुढें जावें.

आतां दुसऱ्या उमेदवारांकडे वळूं. स्नेहाच्या दृष्टीनें पाहिलें तर आप्पांचा जोडीदार बाजी भीवराव रेठरेकर. तो इ. स. १७३९ च्या जानेवारींत तारापूरच्या हल्ल्यांत गोळी लागून पडला. त्यानंतर आप्पांनीं त्याच्या आईस लिहिलेलें सांत्वनपत्र इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. मराठी पत्रवाङ्मयांत त्याच्या तोडीचीं पत्रें थोडीं. पण जिव्हाळा हें जोडीचें माप नव्हे, हें वर सांगितलेंच आहे. खंडोजी माणकर यांचा पराक्रम ठाणें-साष्टींत मोठा. शिंदे-होळकर शेवटच्या हंगामांत आले, आणि त्यांच्या फौजेवांचून सुरुंगानंतरचा हल्ला शेवटास गेला नसता. पण त्यांचें कार्यक्षेत्र माळवा होतें, हें किनारपट्टी नव्हे. मानाजी आंग्रे यांची मदत कामास आली, पण तीं दर्यावर्दी माणसें स्वतःचेंहि राजकारण संभाळून होतीं.

खरा प्रतिस्पर्धी एकच आहे : अंजूरचे गंगाजी नाईक. भिवंडीजवळील अंजूर हें त्यांचें गांव. साष्टीच्या बखरींत गंगाजी व त्यांचे भाऊ हेच या सर्व खटाटोपाचे मूळ उत्पादक दिसतात. फिरंग्यांचा धर्मजाच असह्य होऊन त्यांनीं चिंचवडास देवांकडे धाव घेतली, पेशव्यांपर्यंत दाद पोंचविली, खाड्या व वाटा हेरल्या, प्रांतांतलीं माणसें फोडलीं, असें बखर सांगते. मालाडच्या अंताजी रघुनाथांची हकीकतहि याच जातीची. केनेडी-जॉन्सनच्या मापानें मोजलें तर गंगाजी नाईक हेच जोडीदार ठरावेत, कारण आप्पा परके व नाईक त्या प्रांतांतले. जें आप्पांकडे नव्हतें तें, म्हणजे खाडीची व माणसांची ओळख, नाइकांकडे होती. आम्हींहि पुष्कळ दिवस हेंच मत धरून होतों.

तें मत बदलण्याचीं कारणें सांगतों. घराण्याची बखर घराण्यासाठीं लिहिलेली असते. अशा बखरी व कैफियती बहुधा इनाम-वतनाच्या प्रकरणीं उभ्या राहतात, व त्यांत पूर्वजाचें काम मध्यभागीं येणें स्वाभाविक आहे. म्हणून ती खोटी ठरत नाहीं. पण ती ज्या प्रश्नाचें उत्तर देते तो प्रश्न ‘मोहीम कोणामुळें सुरू झाली’ हा आहे. ‘मोहीम कोणामुळें टिकली’ या प्रश्नाचें उत्तर तिच्याकडे मागूं नये. वाट दाखविणारा व ओझें वाहणारा यांत थोर कोण हा वाद आम्हांस घालावयाचा नाहीं; आप्पा दूर असतां ओझें कोणाच्या शिरावर होतें एवढेंच पाहिलें, तर उत्तर पंतांच्या बाजूनें जातें.

याहून बोचणारा आक्षेप निराळाच आहे, व तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. पेशवे चित्पावन, फडकेहि चित्पावन. म्हणून पंत पुढें आणले गेले व नाइकांसारखीं स्थानिक माणसें मागें राहिलीं, असें म्हणणारे म्हणतील. पेशव्यांच्या कारकीर्दींत कोंकणस्थ घराण्यांस वाव मिळाला ही गोष्ट उघड आहे, आणि या नेमणुकींत तिचा अंश मुळींच नव्हता असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु ज्ञातीमुळें नेमणूक मिळते. दोन वर्षें अपयशाच्या बातम्या पाठवीत असतां ती टिकत नाहीं. शिड्यांचे हल्ले फसल्यावर पंतांस काढून दुसरा, तोहि चित्पावनच, नेमण्यास पुण्यांत माणसांची वाण नव्हती. काढलें नाहीं. उलट वसई आल्यावर त्या प्रांताची सरसुभेदारी त्यांच्याकडेच सोंपविली. ज्या धन्यानें दोन वर्षें त्यांचीं पत्रें वाचलीं त्याचा हा निवाडा आहे, आणि आपल्यापेक्षां त्याच्यासमोर पुरावा अधिक होता.

सरसुभेदारीचें नांव निघालें तेव्हां पापडीकडे परत येणें प्राप्त आहे. वसईचे पोर्तुगीज सेनापती सिल्व्हैरा द मेनेझिस वेढ्यांत मारले गेल्यावर कायतानु द सोझा परैरा यांनीं तह केला. किल्ल्यांतील लोकांस शस्त्रें, निशाणें व वाजंत्र्यांसह आठ दिवसांत निघून जाण्याची मोकळीक मिळाली, व जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मुभा राहिली. हीं कलमें आप्पांनीं मान्य केलीं. तीं पाळावयाचीं कोणीं? आप्पा लवकरच या प्रांतांतून गेले. बाजीराव इ. स. १७४० च्या एप्रिलांत रावेरखेडीस वारले, व त्याच सालच्या डिसेंबरांत आप्पाहि गेले. वसईवर मराठ्यांचें निशाण लागल्यापासून दोन वर्षेंहि झालीं नाहींत तों ज्यांच्या नांवानें वसई घेतली ते दोघे बंधू नाहींसे झाले. पापडीच्या ख्रिस्ती कुणब्यास, रमेदीच्या बागवाल्यास, सोपाऱ्याच्या ब्राह्मणास ‘सरकार’ म्हणून जें प्रत्यक्ष दिसलें तें शंकराजीपंतांच्या रूपानें. शहरास बाजीपूर हें नवें नांव मिळालें, पण तें चाललें नाहीं. वसई ती वसईच राहिली.

पंतांच्या सुभ्याची देवळांसंबंधीं कीर्ति आहे. वज्रेश्वरीस आप्पांनीं नवस बोलला व देऊळ पंतांनीं बांधविलें, ही परंपरा प्रसिद्ध आहे. नवस एकाचा व बांधकाम दुसऱ्याचें, यांत आम्ही वर वर्णिलेल्या जोडीचें चित्र जसेंच्या तसें सांपडतें. निर्मळच्या देवस्थानाच्या जीर्णोद्धाराशींहि त्यांचें नांव जोडतात. दोनशें वर्षें ज्या प्रांतांत देवळें उभी राहूं शकलीं नाहींत तेथें हें होणें साहजिक होतें. पण देवळांची मोजदाद करणाऱ्या लेखकांनीं दुसरी अर्धी गोष्ट सोडून दिली आहे. पापडी, रमेदी व भोंवतालच्या गांवांत ख्रिस्ती वस्ती राहिली, आजहि आहे. पापडीचें ग्रेसमातेचें देऊळ तर इ. स. १९९८ त स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचें मुख्य देऊळ झालें. हिंदूंचीं देवळें उभारणारा सुभेदार व ख्रिस्त्यांच्या तहाचीं कलमें संभाळण्याची जबाबदारी ज्यावर पडली तो सुभेदार, हा एकच मनुष्य. यांतील पहिलें त्यानें उत्साहानें केलें असेल, दुसरें कदाचित् नाइलाजानें. पण विजयाची परीक्षा दुसऱ्यावरून होते, आणि त्या परीक्षेचा कागद अद्याप नीट वाचला गेलेला नाहीं.

तो कागद कोठें मिळेल? येथें संग्राहकांस दोन शब्द सुचवावेसे वाटतात. पंतांच्या नांवाचे कागद चुकीच्या रुमालांत बांधले जाण्याचा फार संभव आहे. ‘फडके’ हें आडनांव पत्रांत बहुधा येत नाहीं. ‘शंकराजी केशव’ एवढेंच येतें, आणि घाईच्या पत्रांत नुसतें ‘शंकराजीपंत’. या नांवाचे दोन मुत्सद्दी त्यांच्याआधीं गाजून गेले : राजारामांच्या काळचे सचिव शंकराजी नारायण, व सय्यदांशीं मसलत करून दिल्लीची सनद जुळविण्यांत असलेले शंकराजी मल्हार. नुसतें ‘शंकराजीपंत’ दिसलें कीं यादी करणारा त्यांपैकीं प्रसिद्ध असेल त्याच्या नांवें कागद मांडतो. तसेंच आप्पांचें पत्र शोधतांना ‘चिमाजीआप्पा’ शोधूं नये. सहीशिक्क्यांत ते ‘चिमणाजी बल्लाळ’ आहेत. मायन्यांतील ‘नमस्कार’ व ‘आशीर्वाद’ यांवरूनहि, पत्र पेशव्यांकडून ब्राह्मणास गेलें कीं मराठा सरदारास, हें ओळखतां येतें; तेव्हां नांव फाटून गेलेलें पत्र म्हणून तें टाकून देऊं नये.

शिवाय असे कागद मोठ्या सरदारांच्या वाड्यांत शोधणें हें उलट्या दिशेनें जाणें होय. सुभेदाराचे हुकूम ज्यांस गेले ते लोक लहान : खोत, पाटील, बागाइतदार, मिठागरांचे धनी, देवस्थानचे पुजारी. जमिनीच्या तंट्याकरितां एखादा कौल किंवा अभयपत्र त्यांनीं पिढ्यान् पिढ्या जपलेलें असतें, आणि त्यावर इतिहासाचें कांहीं आहे ही कल्पनाहि त्यांस नसते. पापडीच्या बाजूस तर ख्रिस्ती घरांतहि असे मोडी कागद निघणें शक्य आहे. घर ख्रिस्ती म्हणून तेथें मोडी कशाची, असें समजून संशोधक दारावरूनच परततात. तहानंतर जमीन ज्यांच्या हातीं राहिली त्यांस ती कोणाच्या तरी कागदानेंच राहिली असणार, आणि तो कागद पोर्तुगीज भाषेंत असण्याचें कारण उरलें नव्हतें. गिरजांतील बाप्तिस्मा व लग्नें यांच्या जुन्या नोंदवह्या याच शोधाचा भाग समजाव्या, इ. स. १७३९ नंतर कोणत्या गांवांत नोंदी चालू राहिल्या व कोणत्या गांवांत खंडल्या, हें त्यांवरून कळेल, व तहाचें कलम किती पाळलें गेलें याचा निवाडा बखरींपेक्षां त्या वह्या अधिक नि:पक्षपातीपणें करतील.

असा कागद मिळाल्यास तो कोणत्या घरांत, कोणत्या इतर कागदांबरोबर, कोणत्या घडींत सांपडला याची टीप त्याच दिवशीं करून ठेवावी व रुमाल सोडून कागद वेगळे करूं नयेत. चंद्र व महिना असून साल नसेल तर अंदाजानें साल घालूं नये. कागद जसा आहे तसा उतरून घ्यावा, व अंदाज मांडावयाचा तर समासांत, निराळ्या शाईनें मांडावा.